कुत्रीचा वाटा

आबा, रानडुकरांनी वाडीतलं सुरण उकरून टाकलं म्हणून आज गावातले म्हातारे माझ्याकडे आले होते. शिकारीवर बंदी आहे आणि मी वनरक्षक, त्यामुळे नुकसानीचा पंचनामा मीच करते. तुमच्याबरोबर रानात जाणारी तीच माणसं मला मॅडम म्हणत होती आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शिकारीच्या दिवशी हीच माणसं वेशीबाहेर पडेपर्यंत बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही आणि भाल्याला तर कधीच हात लावायचा नाही, असा तुमचा सगळ्यांचा नियम. मला ओहोळापर्यंत येऊ द्यायचात, तेही आपली कुत्री दुसऱ्या कुणाचं ऐकत नसे म्हणून.

मी नववीत होते. त्या दिवशी कुत्री ओहोळ ओलांडून पुढे धावली आणि तिच्यामागे मीही गेले. करवंदीच्या जाळीपाशी तुम्ही उताणे पडला आहात, भाला लांब पडलाय, आणि डुक्कर वळून पुन्हा तुमच्यावर येतंय. मी भाला उचलते. दांड्याचा हिसका खांद्यापर्यंत आला, एवढंच आता आठवतं. डुक्कर पडलं. बाकीचे पोचायच्या आत तुम्ही माझ्या हातातून भाला काढून घेतलात आणि त्यांना सांगितलंत, "माजा घाव हाय." पोरगी इथे कशी, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणालात कुत्रीमागे आली, घाबरलीय. मी घाबरले असते तर तुम्ही घरी आला असतात का?

अंगणात वाटे पडले. पहिला घाव ज्याचा त्याला मुंडी, म्हणून तो मान तुम्ही घेतलात. रानात गेलेल्या प्रत्येकाला वाटा, कुत्र्यांनासुद्धा. आपल्या कुत्रीचा वाटा नाव घेऊन वेगळ्या पानावर ठेवला. तीही बाईच्याच जातीची होती ना, आबा? माझं नाव कुणी घेतलं नाही आणि तुम्ही मान खाली घालून सुरी पुसत बसलात.

जेवताना आई चुलीकडे वळली तेव्हा तुम्ही मुंडीतली जीभ माझ्या ताटात टाकलीत. "खा बाय. मान तुजाच हाय. पन भायेर बोलू नको, तुजं लगीन व्हायचं हाय." अंगणात सांगायचं ते तुम्ही माझ्या कानात सांगितलंत. मी जीभ उचलली आणि तुमच्या डोळ्यांदेखत मागच्या दारी कुत्रीकडे निघून गेले.

आज पंचनाम्यावर सह्या झाल्यावर मी त्या म्हाताऱ्यांना सांगून टाकलं, तो घाव माझा होता. त्यांच्यातला सर्वांत थोरला शांतपणे म्हणाला, "म्हाईत व्हतं आमाला. तवा बोलनार कोन?" म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि तरी वाट्यांच्या पानांत माझं पान मांडलं गेलं नाही.

हे वाचायला तुम्ही नाही, आणि असतात तर मी लिहिलंही नसतं. पण एक सांगते. ती जीभ कुत्रीने खाल्ली नाही. दाराआड उभी राहून रडत रडत मीच खाल्ली, आणि बोटंसुद्धा चाटली.