लेझर घरचंच आहे

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी नक्की काय काम करत होते हे तुम्हाला सांगायला मी आज बसले आहे. उशीर म्हणावा तरी किती!

ऐका. काचेची एक चौकोनी बाटली, तुमच्या तपकिरीच्या डबीएवढी. तिच्यात पाणी, आणि पाण्यात प्लास्टिकचे गोळे, इतके बारीक की एकेकटा दिसतच नाही, नुसतं पाणी घातलेल्या दुधासारखं दिसतं. त्यात थोडा हिरवा रंग घालायचा. रंगाचे काही कण पाण्यात मोकाट फिरतात, काही गोळ्यांना चिकटतात. कसे आणि किती चिकटले, ते आम्हाला हवं असायचं. म्हणून त्यावर लाल लेझर सोडायचा. बहुतेक उजेड लालच बाहेर पडतो, पण त्यातला अगदी कणभर जांभळा होऊन येतो. मोकाट फिरणाऱ्यांची तोंडं दहा दिशांना, त्यांचं त्यांच्यातच फिटून जातं. चिकटलेले मात्र सगळे एकसारखे, तोंड बाहेर करून बसतात, म्हणून तो जांभळा उजेड फक्त त्यांचा. म्हणजे आम्ही गोळ्याची कातडी तेवढी बघत होतो. झालं. पाच मिनिटं लागली. तुम्हाला सगळं कळलं असतं, वर दोन शंकाही काढल्या असत्यात.

त्याऐवजी मी काय सांगितलं होतं? "लेझरवर काम करते." एवढंच. तुम्ही तेच घेऊन अंबरनाथभर फिरलात. कारखान्याच्या टाइम ऑफिसातल्या कारकुनाची मुलगी लेझरवर आहे, हे क्वार्टर्समध्ये कुणाला ऐकायचं राहिलं नाही. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवाळीत आई करंज्या तळतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसला आहात, आणि अगदी सहज विचारता, "काय गं, डोळ्यांचंही करतात ना लेझरने?" मी करंजी तोंडात टाकत म्हणते, "करतात की. हल्ली काय वाट्टेल ते करतात." तुम्ही समाधानाने मान हलवता. दिव्याभोवती तुम्हाला रंगीत कडी दिसतात, कपाळ ठणकतं, हे तुम्ही बोलत नाही. मीही तुमच्या डोळ्यांकडे बघत नाही.

बाकीचं मला तुमच्या मित्राने नंतर सांगितलं, शेजारच्या निर्वासित वसाहतीतल्या, कॅम्प चारच्या त्या सिंधी कापडवाल्यांनी. तेच तुम्हाला कॅम्प तीनच्या नेत्रशिबिरात घेऊन गेले होते. काचबिंदू आहे, लेझर करावं लागेल, लगेच मुंबईला जा, असं डॉक्टर म्हणाले होते. "मैंने बोला, चलो साईं, मैं साथ चलता हूँ. तो हसने लगे. बोले, लेझर तो घर का है. बेटी के पास है. उसका काम हल्का होगा तब जाऊँगा, अभी उसको तकलीफ नहीं देने का." माझं काम हलकं व्हायची वाट बघत तुम्ही पावसाळा काढलात, दिवाळी काढलीत, आणि त्यात उजवा डोळा गेला.

मग एक दिवस तुम्ही प्रयोगशाळेच्या दारात. धुतलेला सदरा, खांद्यावर स्वच्छ पंचा. सर आहेत, आमचा सगळा कंपू आहे. मी काही विचारायच्या आत तुम्ही टेबलापाशी जाता, बाटली ठेवायच्या जागेसमोर वाकता आणि हनुवटी वर करून डोळा उघडा धरता. नशीब, लेझरची झडप बंद होती. कुणीतरी फिस्सकन हसतं. मी तुमचा दंड धरून मागे ओढते. "अण्णा, हे डोळ्यांचं नाही!"

"मग कशाचं आहे गं?"

"ते तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. सगळ्यांसमोर.

त्याच आठवड्यात तुम्हाला मोठ्या इस्पितळात नेलं. डावा डोळा वाचला, उजव्याचं काही होण्यासारखं नव्हतं. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. उलट क्वार्टर सोडून बदलापूरच्या घरी राहायला गेल्यावर शेजाऱ्यांना सांगायचात, की तिचं लेझर वेगळ्या जातीचं, फार वरचं. ते कानावर आलं की मला भिंतीआड जावंसं वाटायचं. अजून कुणी माझी ओळख करून देताना लेझर हा शब्द उच्चारला की मान खाली जाते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या दिवशी जिना उतरताना तुम्ही म्हणालात, "सकाळपासून चहाही घेतला नाही. अशा कामाला रिकाम्या पोटी यायचं असतं ना?" मला नीट ऐकू आलं होतं. कँटीन समोरच होतं, पण आत आमची सगळी मंडळी बसली होती. मी म्हटलं, "चला अण्णा, तुमची गाडी चुकेल."