अठरा श्वास

प्रिय माईताई,

मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा चाळीस. त्या वेळी पनवेलच्या त्या हॉस्पिटलात, तातडीच्या विभागात, तुझ्या कागदावर लिहिलं गेलं: श्वास मिनिटाला अठरा. कागदांची प्रत काल हातात पडली, म्हणून आज लिहितेय.

अठरा! मी शेजारीच उभी होते गं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजले होते. बत्तीस, निरोगी माणसाच्या जवळपास दुप्पट. कॉन्व्हेंटात प्रथमोपचाराच्या तासाला सिस्टरांनी शिकवलं होतं, पूर्ण एक मिनिट मोजायचं. त्या नर्सने बीपी घेतलं, बोटाला क्लिप लावली. तुझ्या छातीकडे एकदाही पाहिलं नाही.

ते आकडे संगणकात गेले. त्याने गुण मांडून सांगितलं, जिवाला धोका कमी. डॉक्टर मला म्हणाले, "आजी, स्कोअर चांगला आहे." म्हणून तुला आयसीयूऐवजी साधा वॉर्ड, तपासणी सहा तासांनी. ती व्हायची होती पावणेपाचला. तू सव्वातीनलाच गेलीस.

आणि तू तरी काय? आपट्याच्या घरून निघताना धाप लागलेली, तरी साडी बदललीस. डॉक्टरांनी विचारलं तर हसून म्हणालीस, बरी आहे. कुणाला दाखवायचं होतं ते हसू?

मी तोंड उघडलं होतं, ताई. तू माझा हात दाबलास. "गप गं शालू, इथे मास्तरीण होऊ नकोस. त्यांना त्यांचं काम करू दे." जन्मात एकदा तुझं ऐकलं, ते नेमकं तेव्हा.

काल तिथल्या मुख्य नर्सना, मेट्रनना, गाठलं. बाई खरं बोलल्या. "मॅडम, सगळ्यांचेच अठरा लिहितात. मोजायला वेळ कुठे असतो?" आमच्या शाळेत सगळ्या मुलींचं उत्तर सारखं आलं, की मी अख्खा वर्ग उभा करायचे.

बत्तीस लिहिलं असतं तर वाचली असतीस? माहीत नाही. पण तासाभरात कुणीतरी बघायला आलं असतं. तेवढंही तुला मिळालं नाही.

आज सकाळी हॉस्पिटलात अर्ज देऊन पोच घेतली. प्रश्न एकच आहे: हे अठरा श्वास कुणी मोजले? लेखी उत्तर सोमवार, ७ एप्रिल, दुपारी बाराच्या आत हवं. नाही आलं, तर एक वाजता घड्याळ घेऊन त्याच विभागातल्या बाकावर बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाचे श्वास मोजेन. मोठ्याने. या वेळी माझा हात दाबायला तू नाहीस.

तुझी,
न ऐकणारी शालू