शिंपिणीच्या घरातलं खुरपं

ठप्प, ठप्प, ठप्प. पाकिटांवर तारखेचा शिक्का पडल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता मनातल्या मनात म्हणत असे, आणि शेवटचं कडवं येईतो टेबलावरचा ढीग सरलेला असे. जन्मभर लोकांची पत्रं ज्याच्या त्याच्या खणात लावून निवृत्त झालेला मी, हे मृत्युपत्र स्वहस्ते, राजीखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

१. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या मुलाला मिळावं. त्याबद्दल वाद नाही.

२. वाद आहे तो मागच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडबद्दल. मुलाला ती पाडून तिथे गाडी उभी करायची आहे. गाडी उन्हात तापते, असं त्याचं म्हणणं. तरी ही शेड, आतल्या सामानासह, माझ्या पश्चात सूनबाईच्या एकटीच्या मालकीची व्हावी. तिच्या परवानगीवाचून कुणी पत्र्याला हात लावू नये.

३. याचं कारण नोंदवून ठेवतो. शेड रिकामी करायचं काम मुलाने तिच्यावरच सोपवलं होतं. ती पदर खोचून आली आणि ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे तीन ढीग तिने आखले. आत आमच्या खात्याने मोडीत काढलेली, टपाल लावायची खणांची मांडणी आहे. खिळे एकीकडे, करवती दुसरीकडे, हे मला कधी जमलं नाही. माझ्या हाताला फक्त घरं कळतात. जी वस्तू शेवटची ज्या घरी मागून नेली, ती परत आली की त्या घराच्या खणात.

तिने शेडमधून हाक मारून विचारलं, "बाबा, खुरपं कुठाय?" मी पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "शिंपिणीच्या घरी." ती चपला घालून गल्लीच्या टोकाला शिंपिणीकडे गेली. शिंपिणीने खुरपं केव्हाच परत केल्याचं सांगितलं आणि वर सुनावलं, की सासऱ्याला म्हणावं, या वयात माणसांवर आळ घेऊ नये. सून तणतणत परतली. मी तिला मांडणीपाशी नेलं. शिंपिणीच्या खणात खुरपं होतं. ती मटकन पोत्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली.

मग एकेका खणापुढे थांबून ती विचारत गेली, हे कुणाचं घर, यांनी काय नेलं होतं. संध्याकाळपर्यंत गंजके डबे, फुटक्या कुंड्या, पिचलेली नळी, सगळं भंगारात गेलं. शेवटी हातातलं खुरपं पुसत ती म्हणाली, "शेवटचं तर मी वापरलं. मग माझा खण कुठला?"

गावभराच्या घरांना खण होते, आपल्याच घराला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

४. शेजारच्या वकिलांना माझी शिडी द्यावी. त्यांनी नेली तेव्हा पायऱ्या पूर्ण होत्या, परत आली तेव्हा मधली एक नव्हती, आणि ती मुळातच नव्हती हे त्यांनी मला मुद्देसूद पटवून दिलं. आता त्यांनीच चढावं. जपून चढावं, माझा राग त्यांना पाडण्याइतका नाही.

५. माझी शाळेतली कवितांची पुस्तकं मुलाला. लहानपणी खताच्या पोत्यावर बसून तो माझ्यामागून चालीत म्हणायचा. शब्द विसरला, पण दाढी करताना चाल अजून गुणगुणतो. शब्द हवेसे वाटलेच, तर पानं जागेवर आहेत.

६. माझ्या दिवंगत पत्नीने जपलेल्या बियांचा डबा कुणी टाकू नये. पेरून बघाव्यात. नाही उगवल्या तरी माती हलवल्याचं समाधान आहे.

ठिकाण: बागेतली शेड. वार मंगळवार, तारीख वर कोपऱ्यात घातली आहे.

सही: लिहिणाऱ्याची.

साक्षीदार पहिली: शिंपीण. आळ मागे घेतल्याशिवाय सही करणार नाही म्हणाली. घेतला. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असं वकील म्हणतात, म्हणून तिला काही ठेवलेलं नाही. तिची तक्रार नाही.

साक्षीदार दुसरे: आमचे जुने पोस्टमास्तर येणार होते. पाठ धरल्याचा निरोप आला. जागा कोरी.

ताजा कलम: एवढं लिहून पेनाला टोपण लावतोय, तोच दारात एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर घण होता.

"साहेबांनी पाठवलंय," तो म्हणाला. "शेड रिकामी झाली, पाडून टाका म्हणाले. कुठून सुरुवात करू?"

माझ्याजवळच बसलेली सून उठली. तिने आपलं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कागदावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथून," ती म्हणाली.