अक्काचा मोगरा

कल्याण, चैत्र वद्य पंचमी, शके १८०७

भाऊजी गेल्यापासून अक्का या घरात एकटीच. माघात मी आलो तेव्हा तिनं ओसरीवरच्या कुंडीतला मोगरा माझ्याकडून छाटून घेतला. म्हणाली, "याची पहिली फुलं देवाला वाहू दे, मग जा कुठं जायचं तिथं." मी कबूल केलं. दीड महिन्याची तर गोष्ट!

आता शेजारणीचा मोगरा फुलून गेला, आमच्याला नुसती पानं. आज विचारलं तर म्हणते, "वाढू दिला तर ओसरीत बसशील कुठं? शेंडे खुडावेच लागतात, भटक्या."

शेंडे? दुपारी केराच्या टोपलीत पाहिलं. शेंड्यांना बारीक हिरव्या कळ्या होत्या, आठ-दहा तरी. म्हणजे कळ्याच खुडते ही! रागच आला. इथं नाशकाकडच्या आगगाडीची शिट्टी ऐकली की माझे पाय शिवशिवतात, अन् ही... पण बोलणार काय तिला?

संध्याकाळी कुंडीला पाणी घालायला गेलो. भिंतीकडच्या फांदीवर एक कळी अक्काच्या नजरेतून सुटली होती. चांगली टपोरी. उद्या उमललीच असती. बराच वेळ बघत बसलो.

मग मीच खुडली.