डाव्या हाताची बाजू

देवळाली प्रवरा,
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय यशू,

अक्षर पाहून दचकू नकोस. तुझे अण्णा हयात आहेत. बसवलं की बसतात, भरवलं की खातात. महिन्यापूर्वी कारखान्यातून आले, सायकल भिंतीला टेकवली आणि तिथेच खाली बसले. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखे चहूकडे फिरतात. इतके दिवस तुला का कळवलं नाही, ते पुढे लिहिते. फोन करता आला असता, पण बूथवर शेजारच्या चांगुणाबाईचा जावई बसतो. त्याच्यासमोर मला हे बोलता आलं नसतं.

त्यांना कितपत कळतंय, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ते म्हणाले, डोळ्यांनी बोलायला शिकवा. तुमचा उजवा हात म्हणजे हो, डावा म्हणजे नाही. ज्या हाताकडे बघतील ते उत्तर. मी चहापासून सुरुवात केली. समोर बसून दोन्ही हात वर करायचे, चहा हवा का विचारायचं. माझ्या उजव्या हाताकडे, खिडकीच्या बाजूला, बघितलं की लगेच गोड चहाचा चमचा. दोन-चार दिवसांतच शिकले. मग पाठ दुखते का, उशी बदलू का, सगळं विचारू लागले. डोळे झटकन खिडकीकडे. चांगुणाबाई तर म्हणाली, "भारतीबाई, लई बोलतुया की तुमचा मानूस! धडधाकट हुता तवा एवढं ऐकत नव्हता तुमचं." कितीतरी दिवसांनी मी हसले.

तू शेवटची आलीस तेव्हा ओट्यावर बसून सांगत होतीस ते आठवतं? माकडाला दोन आकृत्या दाखवायच्या, एकीकडे पाहिलं तर फळाचा रस, दुसरीकडे पाहिलं तर काही नाही. पुढे रस बंद केला तरी त्याचा डोळा आपोआप तिकडेच जातो. मेंदूत खोल कुठेतरी ती गोडी साठून राहते, म्हणालीस. अण्णा म्हणाले होते, "आपला बैलबी पेंडीच्या पाटीकडंच बघतो. त्यासाठी बेंगलोरला कशाला जायचं?" तू हसलीस, ते हसले नाहीत. मग ते बोलून गेले, "डॉक्टरकी अर्धी टाकून माकडांचे डोळे बघायला मी तुला शिकवलं का?" तू रात्रीच्या गाडीपर्यंत न थांबता दुपारचीच एसटी धरलीस. तू गेल्यावर त्यांनी मला शब्द द्यायला लावला, "उद्या मला काय झालं तरी तिला बोलवायचं न्हाई." मी दिला. तो शब्द मी आजवर पाळला.

परवा धीर करून विचारलं, यशूला बोलावू? डोळे उजव्या हाताकडे गेले. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तिकडेच. पदराने डोळे पुसत उठले, पत्र लिहायला कागद काढला. आणि काय मनात आलं कोण जाणे, परत त्यांच्यापुढे बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. विचारलं, पाऊस पडतोय का? उजवा हात. विचारलं, मी चांगुणाबाई आहे का? उजवा हात. आणि तोंड किंचित उघडलं, चमच्यासाठी.

अगं, घास उजव्या हातानेच द्यावा, डाव्याने कोणाला काही देऊ नये, हे आईने मला शिकवलं, मी तुला. त्यामुळे गोड जे काही आलं ते त्याच हातातून आलं. मी त्यांना बोलायला शिकवत होते की चहाकडे बघायला, मला आता कळेनासं झालंय. हात बदलून पाहायचं म्हणते, पण बदलत नाही. डोळे तरीही खिडकीकडेच गेले, तर माझ्याकडे काय उरेल?

म्हणून लिहिते आहे. ते तुला बोलावतात असं लिहिलं तर खोटं ठरेल, बोलावत नाहीत असं लिहिलं तर तेही. तू इतकी शिकलीस, पण हे इथे येऊन पाहिल्याशिवाय तुलाही सांगता येणार नाही. ये. येताना हातात काही आणू नकोस, हाक मारू नकोस. मी त्यांच्यासमोर दोन्ही हात वर करून बसेन. तू माझ्या डाव्या हाताच्या बाजूला, दारात, नुसती उभी राहा. त्या बाजूने त्यांना आजवर काहीच मिळालेलं नाही. डोळे तिकडे वळले, तर मी दिलेला शब्द त्यांनीच मोडला असं समजेन.

तुझीच,
आई