नवं वरून ठोका

६ नोव्हेंबर २००६, वणी
आलो एकदाचा. जिनिंगवाले दिलदार, चहा गोड, ऑफिसात पंखा. मी दारव्ह्याला रद्दीतली पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकलो. आता इथल्या लिनक्स मशीनवर दोन पॅकेजं बसवायची, एक हजेरीचं, एक कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचं. मुकादम हरिसिंगनं पितळी बिल्ला दिला, नंबर नऊ. इथली रीत ऐकून हसू आलं: माणूस रजेवर गेला की त्याचा बिल्ला नव्याला, पण जुन्याचं नाव कोणी खोडत नाही. नऊ नंबर आधीच्या ऑपरेटरचा, अवधूतरावांचा. ते आजारी, नेरला घरी.

८ नोव्हेंबर
हजेरीचं बसलं, प्रेसचं अडलं. कामगारांच्या नावांची फाईल दोन्ही पॅकेजांत आहे. मशीन म्हणे, ही आधीच दुसऱ्याची, हात लावणार नाही. हरिसिंग म्हणाला, सायेब, कायले डोकं लावून राह्यले, नवं वरून ठोका. दिला जबरदस्तीचा हुकूम. रजेवरच्यांची जुनी नावं गेली, त्यांच्या नंबरांवर नव्यांची बसली. जुन्या फाईलची नक्कल तेवढी ठेवली.

९ नोव्हेंबर
उकंडा रजेवरून परतला. त्याच्या सतरा नंबरवर आता सेवादास. दोघं चहा पिताना मी ऐकत होतो. उकंडा थट्टेनं विचारत होता, माह्या बिल्ल्याले घासून ठेवलं ना बे? तेवढ्यात माझ्या मशीनची डिस्क आपोआप कुरकुरली. सेवादासनं गाठी ओढायचा हूक उकंडाच्या गळ्यात रुतवला आणि त्याला प्रेसपर्यंत ओढत नेलं. रुई लाल झाली. पोलिसांना शांतपणे म्हणाला, सतरा मीच.

१० नोव्हेंबर
बावीस नंबर. हंसाबाई माहेराहून आली. आधी डिस्क कुरकुरली. मग तिचा बिल्ला मिळालेल्या सोनीबाईनं तिचं डोकं चौथऱ्यावर आपटलं, आवाज थांबेपर्यंत. बावीस मीच, म्हणाली.
आता मला समजलं: फाईलीतून मी खोडलेला माणूस परतला की त्याच्या नंबरवरचा त्याला खोडतो.

११ नोव्हेंबर, सकाळ
अवधूतरावांचा फोन. बरे झाले, बसमध्ये बसलेत. उतरा म्हणालो, तर हसले. विचारत होते, माझी खुर्ची शाबूत आहे ना?
फोन ठेवला तर हातात हूक. मी आणला नव्हता.
बिल्ला विहिरीत टाकला. खिशात आहे—

दुपार
एका नंबरवर दोन नावं मशीन घेत नाही. मला दुसरा नंबरही देत नाही. नक्कल आहे. फक्त नऊची ओळ जुनी केली तर अवधूतराव वाचतील. आणि मी—
हुकूम दिला. बोटं सुटली. हूक दाराशी पडला.
बस आली.
डिस्क कुरकुरतेय.
अवधूतराव दारात. हसताहेत. वाकून हूक उचलला. विचारताहेत, माझ्या खुर्चीत कोण बसलं आ