मावशीच्या दोन ओळींमधली जागा

मंगळवार, संध्याकाळ

थकलो. कोणता माइक घ्यायचा यात महिनाभर डोकं शिणवलं, आणि घेतला तो इतका सेन्सिटिव्ह, की नायगावच्या या फ्लॅटमध्ये खालचा पाण्याचा पंपही त्यात ऐकू येतो. खिडकीला गोधडी बांधली, पंखा बंद केला आणि गावाहून आलेल्या मावशीला लग्नातली गाणी म्हणायला बसवलं. ती एक ओळ म्हणायची आणि गप्प व्हायची. दर ओळीनंतर तेच. मला वाटलं, विसरते, वय झालं. मी शहाण्याने त्या गप्प जागा कापून ओळी जोडल्या आणि तिला हेडफोनवर ऐकवल्या.

ती चिडलीच. "समोरच्या बायका कुठं गेल्या? एक बाजू म्हनते, दुसरी उत्तर देते. त्यांच्यासाठीच थांबत होते ना मी!"

लहानपणी मांडवात हेच तर ऐकलं होतं. मग इतकं साधं कसं सुचलं नाही? दुसरा माइक घेऊ का, विचारलं.

"घे. पन त्याच्यापुढं बसवशील कोनाला?"

मला तर त्या बायकांची एकही ओळ येत नाही. कापलेल्या जागा तेवढ्या परत जोडून ठेवल्या.